दोनशेचा आकडा

टेकडीवरच्या सायकल शर्यतीत त्याला सगळे कवळी म्हणत. त्याचे स्वतःचे दात मात्र आजही शाबूत आहेत. एखादा नवा गडी चेष्टेनं म्हणायचा, "काका, दगडांवरून जाताना कवळी सांभाळा हं." मग तो दोन्ही जबडे उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, "मोज. एक जरी कमी भरला तरी सायकल तुझी." कोणी मोजत नसे.

नाव पडलं ते धंद्यावरून. चाळीस वर्षं तो लोकांच्या कवळ्या बनवत होता. दोन-तीन दंतवैद्य त्याच्याकडे जबड्यांचे ठसे पाठवायचे. त्याचं काम चालायचं घराच्याच मागच्या खोलीत. तिथे एक खिडकी, एक लांब टेबल, मेण वितळवायची छोटी ज्योत आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. सगळ्यावर पांढरी भुकटी बसलेली असायची, त्याच्या भुवयांवरसुद्धा. मी दाराजवळच्या स्टुलावर बसायचो. बोलायचा तो, मी ऐकायचो. मला बोलता येत नाही असं नाही, पण वाक्य जुळेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

मला सगळे घड्याळ म्हणत. मी चौतीस वर्षं पाणी खात्यात मीटर वाचायचं काम केलं. घरोघर जायचं, झाकण उचलायचं, काच पुसायची, आकडा लिहायचा. निवृत्त झालो तेव्हा शर्यत भरवणाऱ्यांना एक असा माणूस हवा होता, जो टेकडीच्या माथ्यावर पाच तास एका जागी बसेल, घड्याळाचं बटण दाबेल आणि कंटाळणार नाही. त्यांना मी सापडलो. लग्न राहून गेलेलं, घरी वाट बघणारं कोणी नाही, त्यामुळे मला कंटाळा यायचा तो घरीच यायचा.

हे मी लिहितोय ते आमच्या मेकॅनिक बाईंनी तीनदा सांगितलं म्हणून. त्या म्हणाल्या, "काका, त्यांच्या प्रत्येक चढाचा आकडा तुमच्याकडे आहे. दुसरं कोण लिहिणार?" त्यांचं म्हणणं खरं आहे. आकडे माझ्याकडे आहेत. त्यापलीकडचं जमेल की नाही, सांगता येत नाही.

कवळीची बायको गेली तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. आईचं सगळं आटोपून परत जाताना तिनं स्वतःची जुनी डोंगरी सायकल, जाड टायरवाली, बापाच्या दारात लावून ठेवली. म्हणाली, "बाबा, नुसते बसून राहू नका." त्यानं ती सहा महिने नुसती पुसली. मग एका सकाळी ओढ्यापर्यंत गेला. मग ओढ्याच्या पलीकडे. साठीला पोहोचला तेव्हा तो ज्येष्ठांच्या गटात शर्यतीला उभा होता. चार जणांत तिसरा आला आणि आठवडाभर मला सांगत होता, "चौथा पंक्चर नव्हता झालेला, लक्षात ठेव. त्याला मी मागे टाकलं."

त्याच वर्षी त्यानं पॉवर मीटर बसवून घेतलं. मला आधी हे प्रकरण कळलंच नाही. मी म्हटलं, मीटर म्हणजे पाणी किती गेलं ते कळतं, तुझ्यातून काय जाणार? तो म्हणाला, "माणूस पेडलवर किती जोर लावतो ते वॅटमध्ये मोजतं. बल्बासारखं. आपण किती वॅटचे, ते कळतं." मीटर पेडलच्या डाव्या दांड्यात बसवलेलं होतं. मेकॅनिक बाईंनी बसवताना आम्हा दोघांनाही सांगितलं होतं की हे एका पायाचा जोर मोजतं आणि त्याची दुप्पट करून दाखवतं. दोन्ही पाय साधारण सारखेच चालतात, म्हणून हिशेब जमतो. आम्ही दोघांनी माना डोलावल्या आणि ती गोष्ट तिथेच दुकानात सोडून आलो.

ओढ्यापासून माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जी मातीची वाट जाते, तीच आमची परीक्षा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सातला तो खालून निघायचा. मी आधीच चालत वर जाऊन टाकीच्या पायरीवर बसलेला असायचो. निघताना तो मला फोनवर एक रिंग द्यायचा, मी बटण दाबायचो. तो वर येऊन टाकीच्या भिंतीला हात लावायचा, मी पुन्हा बटण दाबायचो. मग तो सायकलवर ओणवा होऊन श्वास घ्यायचा आणि हँडलवरच्या छोट्या पडद्यावर चढाची सरासरी वाचायचा. पहिल्या परीक्षेला पडद्यावर दोनशे सहा वॅट होते आणि माझ्या घड्याळात एकवीस मिनिटं पन्नास सेकंद.

"दोनशे सहा!" तो म्हणाला. "साठाव्या वर्षी! अरे, चाळिशीतली पोरं एवढे काढत नाहीत."

"कोणती पोरं?"

"असतील रे कुठेतरी. तू लिही."

मी लिहिलं. तेव्हापासून वही सुरू झाली.

मुलीला बाप एकटा राहतो याची काळजी होती. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी तीच गोष्ट निघायची. एकदा मी स्टुलावर बसलेलो असताना फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला, आणि त्याचे हात मेणात.

"बाबा, इथे खोली रिकामी आहे. खिडकीही आहे. तुम्ही येत का नाही?"

"येणार की."

"कधी? तुम्ही चार वर्षं येणारच आहात."

"आकडा दोनशेच्या खाली गेला की येतो. त्या दिवशी सायकल ठेवतो आणि गाडीत बसतो. शब्द देतो."

"नक्की? कशावरून खोटं सांगणार नाही?"

"मीटर खोटं सांगत नाही. आणि साक्षीला घड्याळकाका आहेत. विचार त्यांना."

"काका," ती म्हणाली, "तुम्ही आहात ना? लक्ष ठेवाल?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर चार वर्षं आकडा दोनशेच्या खाली गेला नाही. दोनशे चार, दोनशे एक, दोनशे पाच, दोनशे दोन. तो आहार सांभाळायचा, लवकर झोपायचा, खोलीत जड पिशव्या उचलून उठाबशा काढायचा. पन्नाशीनंतर दरवर्षी थोडा जोर जातोच, असं तो स्वतःच वाचून मला सांगायचा, आणि मग छाती फुगवून म्हणायचा, "आमचा नाही जात."

माझं घड्याळ मात्र वेगळंच सांगत होतं. पहिल्या वर्षी एकवीस पन्नास. दुसऱ्या वर्षी बावीस चाळीस. मग तेवीसच्या वर. आकडा तोच, वाट तीच, माणूस तोच, आणि वेळ वाढतेय.

सुरुवातीला मी सांगायचो. त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. पावसानं वाट खराब झालीय. टायर जाड घातलेत. वारा समोरून होता. एकदा तर म्हणाला की मातीच आता पूर्वीसारखी राहिली नाही. "वेळ वाऱ्यावर असते रे, वॅट वाऱ्यावर नसतात. डोंगरात वेळेला कोणी विचारत नाही." मला पटल्यासारखं वाटायचं. पटलं नव्हतं.

मीटर वाचणाऱ्या माणसाला एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. ज्या घराचा आकडा महिनोन् महिने सारखाच येतो, त्या घरी सगळं ठीक असतं असं नाही. बहुतेक वेळा मीटर अडकलेलं असतं. माणसं येतात, जातात, पाहुणे राहतात. पाणी कमी-जास्त होणारच. सारखा आकडा दिसला की मी गुडघ्यावर बसून काच पुन्हा पुसायचो. इतकी वर्षं मी हे केलं, आणि इथे मित्राच्या बाबतीत काच पुसायला हात पुढे झाला नाही.

का झाला नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. दोनशेच्या खाली गेला तर तो जाणार होता. तो गेला तर मला त्या स्टुलाशिवाय दुसरीकडे बसायला जागा नव्हती.

तिसऱ्या वर्षी थंडीत एकदा तो वर आला तेव्हा घड्याळात चोवीस पन्नास होते. आदल्या रात्री मुलीशी त्याचं वाजलेलं. ती म्हणाली होती की तुम्हाला मी नको आहे, तुम्हाला टेकडी हवी आहे. तो भिंतीला हात लावून उभा होता आणि त्यानं विचारलं, "किती?"

मी म्हणालो, "तेवीस पन्नास."

एक मिनिट कापलं. तोंडातून सहज निघून गेलं. वहीत मात्र खरं लिहिलं. चुकीचा आकडा लिहायला हात धजावला नाही. पण एकदा मिनिट कापल्यावर पुढच्या महिन्यात परत कापावंच लागलं, नाहीतर एकदम मोठी उडी दिसली असती. पुढे एकाचं दीड झालं, दीडाचं दोन. माझ्या तोंडातली वेळ आणि वहीतली वेळ असे दोन चढ दर पहिल्या शनिवारी होऊ लागले.

दुसऱ्या खुणाही होत्या. जिन्यावरून तो खाली येताना उजवी चप्पल पायरीला घासल्याचा आवाज यायचा. उजव्या बुटाचं टोक झिजलेलं. एकदा रस्त्यावर काही नसताना अडखळला आणि म्हणाला, "फरशी वर आलीय." मी खाली बघितलं. फरशी जिथल्या तिथे होती. मी म्हणालो, "हो, आलीय खरी."

आणि हा माणूस दुसऱ्याच्या तोंडातला केसाएवढा फरक ओळखायचा! त्याच्याकडे एक निळा कागद होता. कवळी तयार झाली की दातांमध्ये तो कागद धरून चावायला लावायचं. जिथे जास्त दाब पडतो तिथे निळा डाग उमटतो. एकदा एक आजीबाई स्वतःच कवळी घेऊन तक्रार करत आल्या. दुखतंय, बसत नाही, तुम्ही बिघडवलीत. त्यानं कवळी हातात फिरवून पाहिली.

"आजी, तुम्ही डावीकडूनच चावता."

"छे! मी दोन्हीकडून चावते. साठ वर्षं चावतेय."

"साठ वर्षं डावीकडूनच चावताय. हे बघा, इकडचे दात झिजून सपाट झालेत, इकडचे अजून नवे आहेत. तोंडाला कळत नाही आजी, कवळीला कळतं."

त्या गेल्यावर तो बराच वेळ हसत होता. "माणसाला स्वतःच्या तोंडातलं कळत नाही बघ," असं मला म्हणाला. मी त्याच्या बुटाच्या टोकाकडे बघत होतो.

मेकॅनिक बाईंचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. चाळिशीच्या बाई, हात कायम काळे, जीभ धारदार. शर्यतीला पंधरा दिवस होते आणि कवळी सायकल घेऊन गेला. मी सोबत होतो. डावं पेडल करकरत होतं. बाईंनी ते उघडलं आणि आतल्या बेअरिंगच्या गोळ्या तळहातावर घेऊन आमच्यापुढे धरल्या.

"काका, दीड वर्षात तिसऱ्यांदा. दर वेळी डावंच कसं जातं? उजव्या पायावर रागावलात का?"

"तुझ्या गोळ्याच हलक्या असतात."

"उजव्या पेडलमध्येपण माझ्याच गोळ्या आहेत. त्या तर नव्या नवरीसारख्या चमकतायत." त्यांनी मान तिरकी केली. "थांबा. माझ्याकडे नवी पेडलं आलीत, दाखवायला ठेवलीत. ती दोन्ही पाय वेगवेगळे मोजतात. लावून बघू."

"मला काय करायचंय? माझं मीटर आहे की."

"असू दे ना. तुमचंही चालू ठेवू. घाबरता काय?"

घाबरता म्हटल्यावर तो थांबणार कसा! बाईंनी सायकल स्टँडवर चढवली, मागचं चाक रोलरवर टेकवलं, पेडलं बदलली, पुढे दुसरा पडदा बांधला. तो वीस मिनिटं जीव तोडून पेडल मारत होता. घाम खालच्या रबराच्या चटईवर टपटपत होता. एक गिऱ्हाईक पंपासाठी आलं आणि बघत उभं राहिलं. बाईंनी थांबा म्हटलं तेव्हा त्याच्या पडद्यावर दोनशे होते. बरोबर दोनशे.

"आहे ना?" तो धापा टाकत म्हणाला. "दोनशे. खाली नाही."

बाई नव्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांचा चेष्टेचा सूर गेला होता.

"काका, हे एकशे एकोणसत्तर दाखवतंय."

"तुझं यंत्र खोटं."

"डावा पाय शंभर. उजवा एकोणसत्तर. तुमचं मीटर डावा मोजतं आणि दुप्पट करतं. डाव्याचे शंभर, दुप्पट दोनशे. दोन्ही यंत्रं खरीच सांगतायत काका. उजवा पाय तुमच्या मीटरनं कधी बघितलाच नाही."

तो सायकलवरून उतरला नाही. तसाच बसून राहिला, हात हँडलवर. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"घड्याळ काय सांगतं रे? चढाच्या वेळा तर एवढ्या वाढलेल्या नाहीत. दोन-अडीच मिनिटं फार तर. तू सांग हिला."

वही माझ्या खिशात होती. ती कायमच असते. मी तोंड उघडलं आणि नेहमीसारखं वाक्य जुळेना. म्हणून वहीच पुढे केली.

त्यानं पानं उलटली. पहिल्या पानापासून नाही, शेवटून मागे. गेल्या महिन्यातले सव्वीस तीस. त्याच्या आधीचे सव्वीस दहा. मी त्याला दोन्ही वेळी चोवीस आणि काही सेकंद सांगितले होते. तो एकेका ओळीवर बोट ठेवत मागे जात राहिला, चोवीस पन्नासपर्यंत, जिथून मी कापायला लागलो होतो. तिथे थांबला. त्याचं बोट त्या तारखेवर कितीतरी वेळ होतं.

"हे तू मला वेगळं सांगितलंस."

"हो."

"त्या दिवसापासून?"

"हो."

त्यानं वही मिटून परत दिली. बाईंकडे बघून म्हणाला, "चाळीस वर्षं लोकांना सांगतोय, एका बाजूनं चावू नका." मग सायकल तिथेच ठेवून चालत घरी गेला. मी मागे निघालो तर हातानं नको म्हणाला. उजवी चप्पल रस्त्याला घासत होती. आता ती सगळ्यांनाच ऐकू आली.

पुढचे बारा दिवस त्याचा फोन नाही. मी दोनदा त्याच्या जिन्याखाली जाऊन आलो. वर ज्योतीचा उजेड होता. वर जाऊन काय बोलायचं ते ठरवत उभा राहायचो आणि परत यायचो. माझ्या खोलीत घड्याळं बरीच आहेत, पण इतका वेळ कधी पुरून उरला नव्हता.

मधल्या काळात मुलीचा फोन मला आला. बाबा डॉक्टरकडे जाऊन आले होते. कमरेत एक नस दबली होती. उजव्या पायाला जोर पोहोचत नव्हता. व्यायामानं थोडा परत येईल, सगळा येणार नाही. "डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं," ती म्हणाली. आणि मग, "काका, तुमच्या लक्षात नाही का आलं कधी?"

"आलं होतं," मी म्हणालो.

फोन तिनं हळूच ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं.

शर्यत त्याच्याशिवाय झाली. मी नेहमीसारखा माथ्यावर बसलो, सगळ्यांच्या वेळा सेकंदांसकट लिहिल्या. ज्येष्ठांच्या गटात तिघेच होते. एकानं विचारलं, "कवळी कुठाय?" मी म्हणालो, "जाणार आहे मुलीकडे." "कायमचा?" "शब्द दिलाय त्यानं."

मग महिन्याचा पहिला शनिवार आला. सात वाजता मी टाकीच्या पायरीवर होतो. का गेलो, सांगता येणार नाही, पाय गेले. सात वाजून चार मिनिटांनी खिशातला फोन एकदाच वाजला आणि बंद झाला. मी बटण दाबलं.

तो वर आला तेव्हा हँडलवर पडदा नव्हता. डाव्या दांड्यातलं मीटरही काढून टाकलेलं. शेवटच्या वळणावर उतरून दहा-वीस पावलं ढकलत आला, मग परत चढला. भिंतीला हात लावला.

"किती?"

"अठ्ठावीस मिनिटं चौदा सेकंद."

"सेकंदांसकट?"

"सेकंदांसकट."

तो पायरीवर माझ्या शेजारी बसला. बाटलीतलं पाणी प्यायला, मला दिली. खाली गावाची छपरं दिसत होती. शेवटी मीच म्हणालो, "खरं सांगितलं असतं तर तू तेव्हाच गेला असतास."

"गेलो असतो."

"म्हणून."

"तेवढं मला कळलं रे, वही बघतानाच." त्यानं उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "पाय वाचला असता, थोडाफार. आणि दोन वर्षं मी तिच्या खिडकीत बसून लोक बघितले असते." आता काहीतरी आणखी म्हणेल, माफ केलं किंवा नाही केलं, म्हणून मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "उतरताना ब्रेक जपून लावायला हवेत," आणि उठला.

पुढच्या आठवड्यात तो गेला. प्लास्टरचे जबडे त्यानं दंतवैद्यांना परत पाठवले. स्टूल मला दिलं. सायकल नेली, मेकॅनिक बाईंनी दोन्ही पाय मोजणारी ती पेडलं तिला बसवून दिली होती. गाडीत बसताना म्हणाला, "घड्याळ्या, पहिला शनिवार विसरू नकोस."

आता चढ फोनवर होतो. त्याची सायकल मुलीच्या घरी रिकाम्या खोलीत स्टँडवर आहे. पहिल्या शनिवारी सात वाजता तो फोन लावून खिडकीत ठेवतो, मी इकडे टेकडीवर पायरीवर बसून बटण दाबतो. वीस मिनिटं त्याचा श्वास आणि चेनची घरघर ऐकत बसतो. घरी बसूनही ऐकता येईल, पण मला ते बरोबर वाटत नाही. वीस मिनिटं झाली की मी "थांब" म्हणतो आणि तो दोन आकडे सांगतो, आधी डावा, मग उजवा. पहिल्या महिन्यात डावा एक्याण्णव, उजवा पासष्ट. मग उजवा अडुसष्ट. मग बहात्तर. मला आनंद झाला. डावा कमी होत होता, पण उजवा वर येत होता.

पुढच्या महिन्यात उजवा बहात्तर. गेल्या शनिवारीही तो म्हणाला, "डावा चौऱ्याऐंशी. उजवा बहात्तर."

मी लिहिलं आणि पेन तिथेच राहिलं. वर टाकीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. तिकडे त्याचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

"पुन्हा वाच," मी म्हणालो.

"बहात्तर म्हटलं ना."

"तीन महिने बहात्तरच आहे. असा आकडा राहत नाही. पडदा पूस आणि खरा वाच."

चाळीस वर्षांत कोणाशी मी अशा आवाजात बोललो नसेन. मला वाटलं, संपलं, त्यानं फोन ठेवला.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला.

"आणि आधीचे दोन?"

"पासष्ट. एकसष्ट." त्यानं घसा साफ केला. "तू एवढी टेकडी चढून बसतोस. म्हटलं, काहीतरी बरं सांगावं."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"नाही."

"सोमवारी सांग. आज तिला फोन करतो मी."

"तिला नको रे."

"करणार."

तो हसला की खोकला, ते नीट कळलं नाही. मग म्हणाला, "बरं. कर." फोन बंद झाला.

मी वहीत तिन्ही ठिकाणी बहात्तर खोडून खरे आकडे लिहिले आणि मुलीचा नंबर लावला. तिच्याशी अकरा मिनिटं बोललो. माझ्या हिशेबानं हे फारच झालं. मग उतरायला लागलो. पूर्वी मला उतरायला पंचवीस मिनिटं लागायची. आता चाळीस लागतात. ते पण वहीत आहे.